जर्मन मार्क: देशाच्या आधी आलेलं चलन

नाणेघाट

शिवराईच्या धाग्यावर मी ओझरतं लिहिलं होतं, की आधुनिक काळातलं एकच चलन नीट अभ्यासायचं ठरवलं तर मी जर्मन मार्क निवडेन. त्यावर सविस्तर लिहा असा आग्रह झाला, म्हणून हा धागा. मार्क म्हणजे इथे डॉइच मार्क, १९४८ ते २००१. कैसरच्या काळातला सोन्याचा मार्क, १९२३ च्या महागाईत कोलमडलेला कागदी मार्क आणि हिटलरच्या राजवटीतला राइशमार्क हे त्याचे पूर्वज. त्यांच्याबद्दल लागेल तेवढंच.

या चलनात मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे, की चलन आधी आलं आणि देश नंतर. पश्चिम जर्मनीची राज्यघटना २३ मे १९४९ ची. मार्क त्याच्या अकरा महिने आधी, २० जून १९४८ ला लोकांच्या हातात पडला. तेव्हा तिथे स्वतःचं सरकार नव्हतं (कारभार अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स या दोस्त राष्ट्रांच्या हातात), तिजोरीत सोनं नव्हतं, निम्मी शहरं ढिगाऱ्यात होती. असं चलन पुढे जगातल्या सर्वांत भरवशाच्या चलनांमध्ये गणलं गेलं.

युद्ध संपलं तेव्हा राइशमार्क बेसुमार छापलेला होता. भाव मात्र १९३६ साली सरकारने गोठवले होते, तेच कागदावर चालू होते. लोकांकडे पैसा मुबलक, माल कुठेच नाही. दुकानं रिकामी आणि खरा व्यवहार काळ्या बाजारात, अमेरिकन सिगारेटच्या हिशोबाने. शहरातली माणसं घड्याळं, चादरी, गालिचे घेऊन खेड्यांत जायची आणि बटाट्याची पोती घेऊन परतायची. पगार राइशमार्कात मिळत असल्याने कामावर जाण्यापेक्षा परसात कोबी लावणं फायद्याचं होतं.

नव्या नोटा छापल्या गेल्या अमेरिकेत, संपूर्ण गुप्ततेत. या कामगिरीचं नाव होतं ‘ऑपरेशन बर्ड डॉग’. सुमारे २३,००० पेट्या जहाजाने ब्रेमरहाफेन बंदरात उतरल्या. पेट्यांवर मुक्कामाचं ठिकाण म्हणून बार्सिलोना लिहिलेलं होतं. या नोटा हातात घेतल्या की पहिल्यांदा डॉलरचीच आठवण येते: तेच कोरीवकाम, त्याच धाटणीच्या रूपकात्मक आकृत्या. पण नीट बघा. नोटेवर बँकेचं नाव नाही, गावाचं नाव नाही, कुणाची सही नाही. ‘मी धारकास अमुक रुपये अदा करण्याचे वचन देतो’ हे वाक्य आपल्याला इतकं अंगवळणी पडलेलं आहे, की वचन देणाराच नसलेली नोट बघून मी बराच वेळ थांबलो होतो. मूल्य, १९४८ ची मालिका आणि क्रमांक. लोकांनी ती स्वीकारली.

या सगळ्यामागे एडवर्ड टेननबाउम नावाचा एक तरुण अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ होता, त्या वेळी वय अवघं २६. एप्रिल १९४५ मध्ये बुखेनवाल्ड छळछावणीत पोचलेल्या पहिल्या दोन-तीन अमेरिकनांपैकी तो एक. ज्यू कुटुंबातला हा माणूस तीन वर्षांनी जर्मनांसाठी चलन उभं करत होता, ही गोष्ट मला आजही हलवून जाते. २० एप्रिल १९४८ ला त्याने निवडक जर्मन तज्ज्ञांना काचा झाकलेल्या बसमधून कासलजवळच्या रोटवेस्टन या लष्करी तळावर नेलं. ८ जूनपर्यंत ते तिथेच होते, बाहेर पडायची परवानगी नाही. कायद्याचे मसुदे, फॉर्म, वाटपाच्या सूचना असं सगळं काम त्यांनी तिथे केलं. मूळ निर्णय दोस्त राष्ट्रांचे होते. जर्मन तज्ज्ञांनी हरकती घेतल्या, पण त्यांतल्या फारच थोड्या मान्य झाल्या.

२० जूनचा रविवार. रेशनकार्डाच्या केंद्रांवर रांगा लागल्या. माणशी ४० मार्क, पुढे दोन महिन्यांनी आणखी २०, आणि त्याबदल्यात ६० राइशमार्क जमा करायचे. श्रीमंत असो की गरीब, त्या दिवशी सगळ्यांच्या खिशात ४० मार्क. (खिशात म्हणतोय, कारण कारखाना किंवा जमीन ज्याची होती त्याचीच राहिली.) पगार आणि भाडी एकास एक दराने बदलली. बचतीचं मात्र पाणी झालं: शंभर राइशमार्कांचे शेवटी हातात आले साडेसहा मार्क.

त्याच वेळी अर्थकारभार सांभाळणाऱ्या लुडविग एरहार्ड यांनी बहुतेक वस्तूंवरचं भावनियंत्रण उठवलं. सोमवारी सकाळी दुकानांच्या काचांमागे लोणी, भांडी, बूट, सायकलचे टायर दिसायला लागले. माल होताच, पण रद्दी होणाऱ्या पैशासाठी तो बाहेर काढायला कोणी तयार नव्हतं.

आणि मग बर्लिन. २३ जूनला रशियाच्या ताब्यातल्या पूर्व विभागाने स्वतःची चलनबदली जाहीर केली. त्यांच्याकडे नोटा तयार नव्हत्या, म्हणून जुन्या राइशमार्कांवर छोटी कुपनं चिकटवली. पश्चिम बर्लिनसाठीच्या मार्कांवर ‘बी’ अक्षराचा शिक्का मारला गेला. २४ जूनला रशियाने पश्चिम बर्लिनला जाणारे रस्ते आणि रेल्वे बंद केली. वेढ्यामागे इतरही कारणं होती, पण ठिणगी पडली ती नोटांवरून.

नाण्यांबद्दल आणि नंतरच्या नोटांबद्दल प्रतिसादांत लिहितो, सगळं एकदम दिलं तर फार लांबेल.

अबोली

नाणेघाट, वाचनखूण साठवली. मला पुण्याच्या जुन्या बाजारात एक नाणं मिळालं होतं, गुडघा टेकवून बसलेली बाई रोप लावते आहे असं. ५० लिहिलंय. हे तुमच्या मार्कातलंच का? कोण आहे ती? कुठली देवी वाटत नाही.

नाणेघाट

अबोलीताई, अगदी बरोबर, ते ५० फेनिग (शंभर फेनिगचा एक मार्क). देवी नाही, राणी नाही, साधी डोक्याला रुमाल बांधलेली बाई आणि हातात ओकचं रोपटं. शिल्पकार रिचर्ड मार्टिन वेर्नर, आणि नमुना म्हणून बसलेली त्यांची पत्नी गेर्डा योहाना वेर्नर. युद्धानंतर ढिगारे उपसणाऱ्या, विटा साफ करून पुन्हा रचणाऱ्या बायकांना ते अभिवादन आहे असं बरेच जण मानतात आणि मलाही ते पटतं. माझ्या लेखी विसाव्या शतकातल्या सर्वांत सुंदर नाण्यांपैकी हे एक. राज्यकर्ता नसलेल्या देशाने नाण्यावर काय घ्यावं या प्रश्नाचं इतकं नेमकं उत्तर मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

नाणं उलटवून बघा. १९४९ च्या नाण्यांवर ‘बांक डॉइचर लेंडर’ हे नाव आहे. ही मध्यवर्ती बँक १ मार्च १९४८ ला फ्रांकफुर्टमध्ये स्थापन झाली, म्हणजे तीही देशाहून जुनी. १९५० पासून ‘बुंडेसरेपुब्लिक डॉइचलांड’ हे देशाचं नाव आलं. पण कार्ल्सरूहेच्या टांकसाळीत १९५० सालची सुमारे ३०,००० नाणी जुन्याच नावाने पडली. वर्ष १९५०, टांकसाळीचं अक्षर ‘जी’ आणि जुनं नाव असं तिन्ही असेल तर ते नाणं जपून ठेवा, संग्राहक त्याच्यामागे असतात.

टांकसाळीची अक्षरं: ‘डी’ म्युनिक, ‘एफ’ श्टुटगार्ट, ‘जी’ कार्ल्सरूहे, ‘जे’ हांबुर्ग. ‘ए’ म्हणजे बर्लिन, ते मार्कावर १९९० पासूनच दिसतं.

मुळामुठा

सुरेख धागा. नोटांवर लिहाच. १० मार्काच्या नोटेवर गणितज्ञ गाउस होता हे मला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवताना नेहमी सांगावंसं वाटायचं. नुसता चेहरा नाही, शेजारी तो घंटेसारखा वक्र आणि त्याचं सूत्रसुद्धा! भाजी घ्यायला वापरायच्या नोटेवर सूत्र छापणारा देश मला फार आवडतो.

नाणेघाट

मुळामुठा सर, त्या नोटेची मागची बाजूही तुमच्याच विषयाच्या शेजारची आहे. तिथे मोजणीचं उपकरण आहे आणि कोपऱ्यात उत्तर जर्मनीच्या त्रिकोणमितीय मोजणीचा छोटा नकाशा, ती मोजणी गाउसने स्वतः केलेली.

गाउसची नोट शेवटच्या मालिकेतली. त्याआधीची मालिका १९६० च्या दशकात आली. (१९५७ मध्ये बुंडेसबांक ही नवी मध्यवर्ती बँक स्थापन झाली, तिची ही पहिली मालिका.) तीवर ड्युरर आणि त्याच्या काळातल्या चित्रकारांनी रंगवलेली माणसं होती: ५ वर एक तरुण व्हेनिसवासी स्त्री, २० वर एल्सबेथ टुखर, १०० वर भूगोलतज्ज्ञ सेबास्टियान म्युन्स्टर. पाठीमागे १० वर ‘गोर्ख फॉक’ हे शिडाचं जहाज, ५० वर ल्युबेकची वेस. यात एकही राजा नाही, सेनापती नाही, राजकारणी नाही. गेल्या शंभर वर्षांतलं कुठलंही नाव घेतलं तर वाद होईल अशा देशाने चारशे वर्षं मागे जाऊन चेहरे आणले, असं माझं वाचन.

१९९० पासूनची मालिका राइनहोल्ड गेर्स्टेटर यांनी रेखाटलेली. ५ वर बेटिना फॉन आर्निम, १० गाउस, २० आनेटे फॉन ड्रोस्टे-ह्युल्सहोफ, ५० वास्तुकार बाल्टाझार नॉयमान, १०० पियानोवादक क्लारा शूमान, २०० पाउल एर्लिश, ५०० मारिया सिबिला मेरियान, १००० ग्रिम बंधू. आठपैकी चार नोटांवर स्त्रिया. मेरियान माझी विशेष आवडती. सुरवंटापासून फुलपाखरू कसं होतं ते सतराव्या शतकात बारकाईने चितारणारी, पन्नाशीत सुरिनामच्या जंगलात किडे अभ्यासायला गेलेली बाई. ५०० मार्काच्या नोटेच्या पाठीवर डँडेलियनच्या झाडावर तिचा सुरवंट आणि पतंग आहेत.

कोकणवारा

लेख चांगला आहे, पण एका मुद्द्यावर माझी हरकत नोंदवतो. ‘सोमवारी दुकानं भरली’ ही गोष्ट सगळे सांगतात. ज्यांनी आयुष्यभर पै-पै साठवली त्यांचं काय? शंभराचे साडेसहा! आपल्याकडे २०१६ ला नोटा बंद झाल्या तेव्हा मूल्य तरी कायम होतं. शिवाय भाव मोकळे केल्यावर महागाई वाढली नाही का? ती बाजू येऊ द्या.

नाणेघाट

रास्त हरकत आहे. जर्मनीत एका पिढीने १९२३ आणि १९४८ असा दोनदा बचतीचा चुराडा पाहिला. १९२३ च्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी कागदी मार्क मोजावे लागत होते आणि शेवटी त्यावरची बारा शून्यं खोडावी लागली. १९४८ मध्ये ज्यांच्याकडे घर, यंत्रं, मालाचा साठा होता ते तरले. बँकेत पैसे ठेवणारे मध्यमवर्गीय, विधवा, पेन्शनर बुडाले. १९५२ मध्ये कायदा करून मालमत्ता वाचलेल्यांवर कर बसवला गेला आणि नुकसान झालेल्यांना भरपाई देण्याची सोय झाली, पण ती हप्त्याहप्त्याने, पुढची कित्येक वर्षं.

आणि हो, महागाई झाली. पगार गोठलेले आणि भाव मोकळे, त्यामुळे उन्हाळाभर बाजारात बायकांचे मोर्चे निघाले. १२ नोव्हेंबर १९४८ ला ९० लाखांहून जास्त कामगारांनी एक दिवसाचा संप केला. हा संप मार्कच्या कथेतून बहुतेक वेळा गाळला जातो. मार्कवरचा विश्वास एका सोमवारात आलेला नाही. बँकेने पुढची वीस-तीस वर्षं सरकारांची नाराजी पत्करून पैशाचा पुरवठा हातात ठेवला, त्यातून तो आला. दोनदा पोळलेल्या लोकांना तेच हवं होतं.

ऱ्हाइनकाठी

नव्वदच्या दशकापासून जर्मनीत आहे, त्यामुळे शेवटची वर्षं मी स्वतः वापरली आहेत. नाण्यांबद्दल थोडी भर घालते. ५ मार्कचं नाणं हातात जड लागायचं, मला ते फार आवडायचं. जुनी ५ मार्क चांदीची होती असं शेजारच्या आजी सांगायच्या. त्यांच्याकडे एका डब्यात ती ठेवलेली आहेत.

युरो आला तेव्हाचं आठवतं. १७ डिसेंबर २००१ पासून बँकांमध्ये नाण्यांच्या छोट्या पिशव्या मिळायला लागल्या. २० मार्क द्यायचे, आत २० नाणी, १० युरो २३ सेंट. लोक थंडीत रांगा लावून उभे होते आणि बाहेर येऊन तिथेच पिशवी उघडून बघत होते. मीही बघितली. आजींनी मात्र घेतली नाही. पुढे कितीतरी वर्षं त्या बेकरीत पावाची किंमत बघून आधी दुप्पट करायच्या आणि मग ‘एवढे मार्क?’ म्हणायच्या.

नाणेघाट

ऱ्हाइनकाठीताई, आजींना माझा नमस्कार सांगा. ते नाणं १९५१ ते १९७४ चं, ११.२ ग्रॅम वजन, त्यात ६२.५ टक्के चांदी, म्हणजे बरोबर सात ग्रॅम. कडेवर ‘एकता आणि न्याय आणि स्वातंत्र्य’ या अर्थाचे राष्ट्रगीतातले शब्द कोरलेले. चांदी महागली आणि नाण्यातल्या धातूची किंमत दर्शनी किमतीला गाठायला लागली, म्हणून १९७५ ला ती बंद करून निकेलच्या गाभ्याची नाणी आणली. गाभ्याला चुंबकीय गुण असल्याने वेंडिंग मशीनला खरं-खोटं ओळखता यायचं. आजींच्या डब्यात १९५८ सालचं ‘जे’ अक्षराचं असेल तर बघा, हांबुर्गमध्ये त्या वर्षी फक्त ६०,००० पाडली होती.

२ मार्कची पण एक गंमत आहे. १९५१ चं पहिलं नाणं १ मार्कसारखंच दिसायचं, लोकांचा सारखा गोंधळ व्हायचा. म्हणून ते काढून भौतिकशास्त्रज्ञ माक्स प्लांक यांचं नाणं आणलं. आडेनाउअर, एरहार्ड, विली ब्रांट हे राजकारणी त्यानंतर, १९६९ पासून २ मार्कवर आले.

आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकचं १० मार्कचं चांदीचं नाणं. पहिल्या नाण्यावर खेळ ‘जर्मनीत’ असं लिहिलं होतं. पूर्व जर्मनीने आक्षेप घेतला की जर्मनी म्हणजे फक्त तुम्ही का? मग पुढच्या नाण्यांवर ‘म्युनिकमध्ये’ असं केलं. दोन्ही प्रकार आजही सहज मिळतात, शेजारी शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत.

शेवंती

पूर्व जर्मनीचा विषय निघालाच आहे तर विचारते. त्यांचं चलन वेगळं होतं ना? १९९० ला ते कसं बदललं?

नाणेघाट

वेगळं होतं आणि हातात घेतल्यावरच फरक कळायचा. त्यांची नाणी ॲल्युमिनियमची, वजनच लागायचं नाही. अपवाद २० फेनिगचा, ते पितळी, कारण टेलिफोनच्या डब्यात ते चालावं लागायचं. शेवटच्या नोटांवर ५ थोमास म्युन्ट्सर, १० क्लारा झेटकिन, २० ग्योटे, ५० एंगल्स, १०० मार्क्स. २०० आणि ५०० च्या नोटा छापून तयार होत्या, पण चलनात आल्याच नाहीत.

१९८९ ला भिंत पडल्यावर हजारो लोक रोज पश्चिमेकडे निघाले होते. मोर्च्यांत घोषणा होती, ‘मार्क आला तर आम्ही इथेच राहू, नाही आला तर आम्हीच त्याच्याकडे जाऊ.’ १ जुलै १९९० ला मार्क तिकडे गेला, दोन्ही देश एक व्हायच्या तीन महिने आधी. म्हणजे दुसऱ्यांदाही चलनच पुढे! मध्यरात्रीच बर्लिनच्या आलेक्झांडरप्लाट्झवर बँकेसमोर झुंबड उडाली. पगार आणि पेन्शन एकास एक. बचत मुलांना २,०००, मोठ्यांना ४,०००, साठीपुढच्यांना ६,००० पर्यंत एकास एक, त्यावर दोनास एक. बुंडेसबांकेचे अध्यक्ष कार्ल ओटो प्योल यांना हा दर परवडणारा वाटत नव्हता. लोकांना तो हवा होता हे समजण्यासारखं आहे, पण पूर्वेच्या कारखान्यांचा माल एका रात्रीत महाग झाला, जुनी गिऱ्हाइकं तुटली आणि बेकारी आली. या निर्णयात दोन्ही बाजूंचं दुःख खरं होतं असं मला वाटतं.

जुन्या नोटांचे सुमारे ३,००० टन हाल्बरश्टाटजवळच्या एका बोगद्यात भरून बुजवले. दशकभराने २०० आणि ५०० च्या कधीच चलनात न आलेल्या नोटा संग्राहकांच्या बाजारात दिसू लागल्या, तेव्हा कळलं की चोर आत पोचले होते. २००२ मध्ये सगळ्या बाहेर काढून जाळल्या.

मुळामुठा

बोगद्यावरून आठवलं, कोखेमचा बंकर राहिला की! मोझेल नदीकाठच्या त्या गावात मी जाऊन आलो आहे. साध्या वस्तीत दोन साधी घरं आणि त्यांच्या खाली बुंडेसबांकेचं कोठार. आत १५ अब्ज मार्क, पण चलनातले नाहीत, वेगळ्या नक्षीची पर्यायी मालिका! पूर्व गटाने खोट्या मार्कांचा पूर आणला तर रातोरात सगळ्या नोटा बदलता याव्यात म्हणून ठेवलेले. १९६४ पासून चोवीस वर्षं शेजाऱ्यांना पत्ता नव्हता. १९८८ ला ती मालिका नष्ट केली. आता तिथे संग्रहालय आहे, जरूर बघा.

नाणेघाट

सर, उत्तम भर. ही भीती हवेतली नव्हती. युद्धकाळात खुद्द नाझींनी छळछावणीतल्या कैद्यांकडून ब्रिटिश पौंडाच्या खोट्या नोटा छापून घेतल्या होत्या. ज्यांनी ते केलेलं आहे त्यांना ते आपल्यावर उलटेल असं वाटणारच.

सातपुडा

सगळे प्रतिसाद वाचले. एक व्यावहारिक प्रश्न. वडील ऐंशीच्या दशकात कामानिमित्त जर्मनीत होते. घरी एका पाकिटात २० च्या आणि १०० च्या काही नोटा आणि थोडी सुट्टी नाणी सापडली. हे आता फक्त आठवण म्हणून ठेवायचं, की काही किंमत आहे?

ऱ्हाइनकाठी

किंमत आहे. बुंडेसबांक मार्क अजूनही बदलून देते आणि त्याला मुदत नाही. दर कायमचा ठरलेला: १ युरो म्हणजे १.९५५८३ मार्क. शंभराच्या नोटेचे ५१.१३ युरो. शाखेत शुल्क घेत नाहीत, पोस्टानेही पाठवता येतं. फ्रान्सने आणि इटलीने आपापल्या जुन्या नोटांची मुदत केव्हाच संपवली, जर्मनीने नाही.

नाणेघाट

सातपुडा, याच दराने बदलता येणारी १२ अब्ज मार्कांहून जास्त रक्कम अजून परत आलेली नाही. काही गाद्यांखाली, काही संग्रहांत, काही बाल्कनमध्ये. कोसोवो आणि मॉन्टेनेग्रोमध्ये मार्क काही काळ अधिकृत चलन होतं. बोस्नियाचं चलन आजही मार्कच्या नावाने आणि त्याच दराने युरोला बांधलेलं आहे.

ऐंशीच्या दशकातली २० ची नोट म्हणजे एल्सबेथ टुखर, पाठीवर व्हायोलिन आणि क्लॅरिनेट. ती सर्वसाधारण मिळते, त्यामुळे कोऱ्या करकरीत नसल्या तर दर्शनी किमतीहून फार जास्त अपेक्षा ठेवू नका. बदलण्याआधी नाण्यांची वर्षं आणि अक्षरं इथे टाका, आपण मिळून बघू. नाणी चिंच-राख लावून चकचकीत करू नका, संग्राहक अशा नाण्याला हात लावत नाहीत. आणि १०० च्या नोटेवर म्युन्स्टर आहे की क्लारा शूमान, तेही सांगा. क्लारा असेल तर ती १९९० नंतरची, म्हणजे वडिलांनंतर आणखी कुणीतरी तुमच्या घरातून जर्मनीला जाऊन आलेलं आहे.